कुणी आणला? एचआयव्हीच्या वाटेची शंभर वर्षं



गरोदरपणातल्या तपासण्यांवर आपण मागे बोललो होतो. त्यानंतर गटांच्या बैठकांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा आमच्यापर्यंत आला. रक्त घेतात, हिमोग्लोबिन बघतात, साखर बघतात, ते समजलं. पण एचआयव्ही कशाला बघतात? आम्ही काय तसल्या आहोत का?

त्या 'तसल्या' शब्दावर आम्ही अडलो. तपासणी का करतात ते दोन वाक्यांत सांगता येईल, आणि ते सांगणारच आहोत. पण त्या शब्दामागे एक दुसरा प्रश्न असतो, आणि गावात तो मोठ्या आवाजात विचारला जातो. हा आजार घरात कुणी आणला? गरोदर बाईची तपासणी आधी होते, तिचा निकाल आधी कळतो, मग सासरची माणसं म्हणतात, हिच्यात निघाला म्हणजे हिनेच आणला. नवऱ्याचं रक्त अजून कुणी बघितलेलंही नसतं. म्हणून आज आम्ही ठरवलं, की हा विषाणू कुठून निघाला, कोणत्या वाटेने फिरला आणि आपल्यापर्यंत कसा पोचला, ते पहिल्यापासून सांगायचं. गोष्ट लांबची आहे. हातातलं काम चालू ठेवून ऐका.

आधी हे, की एवढी जुनी वाट शोधतात तरी कशी? विषाणू काही मागे पावलं ठेवत नाही. पण आपल्याला जात्यावरच्या ओव्या माहीत आहेत. आईची ओवी लेक सासरी घेऊन जाते. तिथे एखादा शब्द बदलतो. तिची लेक आणखी पुढच्या गावी जाते, तिथे आणखी एक बदलतो. पन्नास वर्षांनी चार गावांतून ती ओवी ऐकली, तर कोणते शब्द कोणत्या गावांत सारखे आहेत यावरून ती कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली ते जाणत्या बाईला ओळखता येतं. विषाणूचंही असंच आहे. एचआयव्ही माणसाच्या शरीरात स्वतःच्या नकला काढतो, आणि नकला काढताना भरपूर चुका करतो. त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. त्या चुका पुढच्या माणसात तशाच जातात. जगभरच्या रुग्णांच्या रक्तातले विषाणू शेजारी शेजारी ठेवून त्यांतले फरक मोजले, की कोण कुणाच्या जवळचा आणि कोण लांबचा ते कळतं. चुका साधारण किती वेगाने साठतात हे माहीत झालं, की दोन विषाणू किती वर्षांपूर्वी वेगळे झाले याचा अंदाजही बांधता येतो.

या हिशेबाने मागे मागे गेलं, की आपण मध्य आफ्रिकेत पोचतो. कॅमेरून नावाचा देश आहे, त्याच्या आग्नेय कोपऱ्यात दाट जंगल आहे. तिथल्या चिंपांझींमध्ये एचआयव्हीसारखाच विषाणू पूर्वीपासून आहे. शास्त्रज्ञांनी तो शोधला कसा, तर जंगलात फिरून चिंपांझींची विष्ठा गोळा केली आणि ती तपासली. २००६ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की जगभर पसरलेल्या एचआयव्हीचे सर्वांत जवळचे नातेवाईक याच भागातल्या चिंपांझींमध्ये सापडले. जंगलातली माणसं पोटासाठी शिकार करत. शिकार कापताना हाताला झालेल्या जखमेत जनावराचं रक्त गेलं आणि विषाणू माणसात आला, असं मानलं जातं. यात कुणाचं पाप नाही.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. वानर-माकडांकडून माणसात असे विषाणू वेगवेगळ्या काळी अनेकदा आले. त्यातले बहुतेक त्याच मुलखाच्या आसपास राहिले. एकच जगभर गेला. तोच का गेला, या प्रश्नाचं उत्तर विषाणूपेक्षा त्या काळच्या राज्यकारभारात जास्त सापडतं.

कॅमेरूनच्या त्या जंगलातून सांघा नदी दक्षिणेला वाहते आणि काँगो नदीला मिळते. काँगोच्या काठावर एक शहर वाढत होतं. आज त्याला किन्शासा म्हणतात, तेव्हा लिओपोल्डव्हिल म्हणत. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या नावाने वसवलेलं. या राजाने काँगोचा मुलूख जवळपास खासगी मालमत्तेसारखा वापरला, रबर आणि हस्तिदंतासाठी माणसं राबवली आणि मारली. पुढे १९०८ मध्ये तो मुलूख बेल्जियम सरकारच्या ताब्यात गेला. नदीवरच्या बोटींतून माल आणि माणसं लिओपोल्डव्हिलला येत. त्यांच्याबरोबर, कुणा एकाच्या रक्तातून, हा विषाणूही आला.

केव्हा आला? इथे दोन जुने नमुने कामाला आले. १९५९ मध्ये याच शहरात एका पुरुषाचं रक्त घेऊन ठेवलेलं होतं. १९६० मध्ये याच शहरातल्या एका बाईच्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढून मेणात जपून ठेवला होता. दोघांची नावं आपल्याला माहीत नाहीत. कितीतरी वर्षांनी ते नमुने तपासले, तर दोन्हींत एचआयव्ही होता. पण खरी गंमत पुढे आहे. एकाच शहरात, एका वर्षाच्या अंतराने घेतलेले हे दोन विषाणू एकमेकांपासून बरेच वेगळे होते. एकाच गावात एकाच ओवीची दोन अगदी वेगळी रूपं सापडली, तर आपण काय म्हणू? ती ओवी या गावात फार दिवसांपासून आहे. तसंच हे. हिशेब केल्यावर विषाणूची मूळ पिढी १९०० च्या आगेमागे निघाली. २०१४ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासाने जगभराच्या साथीची सुरुवात साधारण १९२० च्या सुमारास किन्शासात धरली आहे. म्हणजे आपल्याकडे टिळक गेले त्या सुमारास तिकडे ही साथ मुळं धरत होती, आणि पुढची साठ वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

का धरली मुळं? त्या शहरात पुरुष फार आणि बायका थोड्या. खाणीत, गोदीत, रेल्वेवर राबायला पुरुष हवे होते; त्यांच्या बायका-मुलांची सोय करणं राज्यकर्त्यांच्या हिशेबात नव्हतं. साताऱ्या-रत्नागिरीच्या बायांना हे चित्र नवीन नाही. आपल्याही पणज्या-आज्यांचे नवरे मुंबईच्या गिरणीत आणि त्या गावाकडे, अशी दोन-तीन पिढ्यांची गोष्ट आहे. जिथे एकटे पुरुष हजारांनी राहतात तिथे शरीराचा बाजार उभा राहतो, आणि त्यात गरिबीने ढकललेल्या बाया येतात. शिवाय सरकारी दवाखान्यांतून निद्रारोगासारख्या आजारांवर सुया टोचण्याच्या मोठ्या मोहिमा निघत. तीच सुई नीट न उकळता पुढच्याला टोचली जाई. काही अभ्यासकांना वाटतं, की सुरुवातीच्या काळात विषाणूला हात दिला तो या सुयांनी. म्हणजे औषध द्यायला गेलेल्यांनीही.

आणि मग रेल्वे. १९४० च्या दशकाच्या शेवटी दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं किन्शासातून रेल्वेने ये-जा करत होती. दक्षिणेला लुबुम्बाशीकडे तांब्याच्या खाणी, म्बुजी-मायीला हिऱ्यांच्या. विषाणूच्या पिढ्यांचा नकाशा काढला तर तो या रेल्वेच्या नकाशावर बसतो. जवळच्या पण रेल्वे नसलेल्या गावांआधी तो लांबच्या खाणगावांना पोचला होता.

किन्शासातून पुढे त्याला फाटे फुटले. प्रत्येक फाट्यावर तो थोडा बदलला, म्हणून त्याच्या प्रकारांना अक्षरं दिली आहेत: ए, बी, सी, डी अशी. आपल्याला दोन लक्षात ठेवू, बी आणि सी.

बी पश्चिमेला गेला. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला. बेल्जियमची माणसं निघून गेली, शिक्षक-डॉक्टर-अधिकारी कमी पडले, तेव्हा फ्रेंच बोलणारे शिकलेले लोक हैती या बेटावरच्या देशातून तिथे नोकरीला आले. त्यांच्यातल्या कुणाबरोबर साधारण १९६६ च्या सुमारास विषाणू हैतीला पोचला आणि तिथून १९७० च्या आसपास न्यूयॉर्कला. तिथे तो दहा वर्षं गुपचूप फिरला. ५ जून १९८१ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुण पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची बातमी सरकारी आरोग्यपत्रिकेत छापून आली, आणि जगाने पहिल्यांदा या आजाराकडे बघितलं. विषाणू सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. शोधणाऱ्यांत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी ही बाई होती. तिला आणि ल्युक मोंताग्निए यांना २००८ चं नोबेल मिळालं.

आजाराला नाव मिळायच्या आधी त्याला दोषी मिळाले होते. समलिंगी पुरुष, सुईने नशा करणारे, आणि हैतीचे लोक. हैतीच्या माणसाला अमेरिकेत नोकरी मिळेना, त्याचं रक्त कुणी घेईना. मग एक कॅनडाचा विमान-कर्मचारी सापडला. त्यानेच अमेरिकेत आजार आणला, तो 'रुग्ण क्रमांक शून्य', असं पुस्तकांत आणि पेपरांत आलं. तो १९८४ मध्ये मरण पावला होता, उत्तर द्यायला नव्हता. २०१६ मध्ये जुन्या साठवलेल्या रक्तांचा अभ्यास झाला. तेव्हा दिसलं, की विषाणू त्याच्या कितीतरी आधीपासून न्यूयॉर्कमध्ये होता आणि हा माणूस हजारोंतला एक होता. ते 'शून्य'ही शून्य नव्हतंच. कॅलिफोर्नियाबाहेरचा रुग्ण एवढं दाखवणारं ते इंग्रजी 'ओ' अक्षर होतं, लोकांनी शून्य वाचलं. एका अक्षराच्या वाचनावर एक माणूस तीस वर्षं जगाचा गुन्हेगार ठरला.

आता आपला प्रकार, सी. तो काँगोच्या दक्षिणेकडच्या खाणपट्ट्यातून खाली उतरला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत. तिथेही सोन्याच्या खाणी, मजुरांच्या बराकी, घरापासून लांब राहणारे पुरुष. आज जगातल्या एचआयव्हीच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये हाच प्रकार आहे. भारतातही बहुतेकांमध्ये सी च आहे, आणि भारतातले विषाणू एकमेकांच्या इतके जवळचे आहेत, की ते मुख्यतः एकाच मुळापासून वाढले असं शास्त्रज्ञ म्हणतात. ते मूळ आफ्रिकेच्या दक्षिण भागातून साधारण १९७० च्या दशकात इथे आलं असावं. कुणाबरोबर, ते कधी कळणार नाही.

आपल्या देशात तो पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. आणि शोधला दोन बायांनी. मद्रास मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. तेव्हा सगळे म्हणत, हा परदेशी आजार आहे, आपल्याकडे असली थेरं चालत नाहीत. सुनीतीताईंनी निर्मलाला प्रबंधासाठी हाच विषय दिला. निर्मलाने सुधारगृहात ठेवलेल्या, शरीरविक्री करणाऱ्या बायांचं रक्त गोळा केलं, घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि नवऱ्याला सोबत घेऊन रेल्वेने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासायला नेलं. त्यात सहा जणींमध्ये एचआयव्ही निघाला.

या शोधाचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या सहा जणींचं काय, हाही विचार मनात येतो. आपलं रक्त कशासाठी घेतलं हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. आणि विषाणू पहिल्यांदा त्यांच्यात शोधला म्हणून सापडला त्यांच्यात. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांचं रक्त कुणी घेतलं नव्हतं. तिथून 'तसल्या बायांचा आजार' हे नाव पडलं ते पडलंच. सुनीतीताईंनी पुढे सरकारी नोकरी सोडून वडिलांच्या नावाने १९९३ मध्ये वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत रुग्णांची सेवा केली.

शेजारी गोव्यात काय झालं तेही ऐका. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा नावाचा तरुण. नेहमी रक्तदान करणारा. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही निघाला आणि पोलिसांनी त्याला म्हापशाला क्षयरोग्यांच्या जुन्या दवाखान्यात कोंडून ठेवलं. काही न सांगता. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यात अशा माणसाला अलग कोंडायची तरतूद होती. त्याची आई ल्युसी डिसूझा कोर्टात गेली. ६४ दिवसांनी तो बाहेर आला. त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो वारला. ल्युसीबाईंच्या नावाचा तो खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात.

महाराष्ट्रात विषाणूला पसरायला काय कमी होतं? मुंबई, कामाठीपुरा, गोदी. तिथून पुण्या-सोलापूरकडे, सांगली-कोल्हापूरकडे जाणारे हमरस्ते आणि त्यांवरचे ट्रक. ऊसतोडीला आणि गलाई कामाला महिनोन्‌महिने घराबाहेर राहणारे पुरुष. लिओपोल्डव्हिलमध्ये रेल्वेने केलं ते इथे डांबरी रस्त्याने केलं. आणि हा आजार लागल्यावर आठ-दहा वर्षं काही जाणवत नाही. माणूस कामावर जातो, दिवाळीला घरी येतो, मुलं होतात.

नव्वदच्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायांची तपासणी केली. १९९७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरविक्री करणाऱ्या बायांत दर शंभरात पन्नास जणींना एचआयव्ही होता. यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल पुढे होतं. त्याच दवाखान्यात आलेल्या बाकीच्या बाया, बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध न आलेल्या. त्यांच्यात दर शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्ही होता. या बायांनी काय वेगळं केलं होतं? संसार केला होता.

सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने आणि पुढे शरीरविक्री करणाऱ्या बायांनी स्वतः उभारलेल्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने उलट बाजूने काम सुरू केलं. आम्ही आजाराचं मूळ नाही, आजार थांबवणाऱ्या आहोत, असं म्हणून त्या बाया एकमेकींना निरोध वाटू लागल्या, गिऱ्हाईकाला वापरायला लावू लागल्या. त्याच सांगली जिल्ह्यातल्या घरंदाज बाईला मात्र नवऱ्याला असं सांगायची सोय नव्हती. आजही किती घरांत आहे, ते ज्याने त्याने आपल्याशी बघावं.

आता तपासणी कशाला, ते. आईला एचआयव्ही असेल आणि काहीच उपचार केला नाही, तर गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना बाळाला तो लागण्याचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर तो शंभरात पाचाच्याही खाली येतो. म्हणून प्रत्येकीची तपासणी. तशीची आणि अशीची नाही, प्रत्येकीची. आणि नवऱ्याचीही करून घ्यावी, हे आशाताईकडे आग्रहाने सांगा.

गोळ्यांचीही एक गोष्ट आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार निघाला आणि श्रीमंत देशांत मरणं झपाट्याने कमी झाली. पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी ती तीन औषधं दिवसाला एका डॉलरच्या आत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली, पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज एचआयव्ही असलेला माणूस रोज गोळी घेऊन म्हातारा होईपर्यंत जगतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर नवरा-बायकोच्या संबंधातून तो दुसऱ्याला लागतही नाही.

पण गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. मघाशी सांगितलं, हा विषाणू नकला काढताना चुका करतो. गोळी चालू असली की नकलाच निघत नाहीत. चार दिवस खाल्ल्या, आठ दिवस सोडल्या, की नकला पुन्हा सुरू होतात, आणि त्यातल्या एखाद्या चुकीमुळे असा विषाणू तयार होतो ज्याच्यावर ती गोळी चालत नाही. शंभर वर्षं तो बदलत आला तो असाच. ऊसतोडीला निघताना, माहेरी बाळंतपणाला जाताना किती दिवस लागणार ते केंद्रावर आधी सांगा. गोळ्या जास्तीच्या मिळतात, किंवा दुसऱ्या गावच्या केंद्रावर सोय होते.

देशात आज सुमारे पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत, आणि त्यांतली सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे हे ऐकणाऱ्यांतही काहीजणी असतील. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या जावा-नणंदांसाठीही, हे सांगून ठेवतो. एका भांड्यात जेवल्याने, एका नळावर पाणी भरल्याने, एकमेकींचं बाळ घेतल्याने हा लागत नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल चारचौघांत सांगता येत नाही, आणि नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. राहत्या घरात राहण्याचा बाईचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात आहे. आजार निघाला म्हणून तो जात नाही, नवरा गेला म्हणूनही जात नाही. कुणाला घराबाहेर काढत असतील तर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, तोंडी नको. तपासणी आणि समुपदेशन ग्रामीण रुग्णालयात मोफत आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही.